मदत हवी आहे: जलद चार्जिंग आणि ऊर्जासाठा यांतील ओढाताण

लिथियम-आयन बॅटरीत जलद चार्जिंग करताना लिथियमचे आयन ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटच्या (कार्बनच्या एका रूपाच्या) थरांमध्ये शिरण्याचा वेग कमी पडला, की ते पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचू लागतात आणि क्षमता कायमची घटते, हे मला समजले आहे. थंडीत हा धोका वाढतो आणि बॅटरी साधारण ८० टक्के भरल्यानंतर विद्युत वाहन स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण असावे.

माझी अडचण पुढची आहे. ऊर्जासाठा वाढवण्यासाठी इलेक्ट्रोड (आयन साठवणारा थर) जाड केला, तर आयनांना इलेक्ट्रोलाइटमधून (आयन वाहून नेणाऱ्या द्रवातून) लांबचा प्रवास करावा लागतो. पातळ केला, तर वीज गोळा करणाऱ्या तांबे-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे आणि दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणाऱ्या विभाजक पडद्याचे निष्क्रिय (ऊर्जा न साठवणारे) वजन तुलनेने वाढते. मग ही मर्यादा मूलभूत मानायची, की इलेक्ट्रोडची रचना बदलून ती ओलांडता येते? ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटॅनेट हे संयुग वापरल्यास धातू साचण्याचा धोका जवळजवळ टळतो, पण सेलचा व्होल्टेज घसरतो आणि त्यामुळे ऊर्जासाठाही कमी होतो. बससाठी हे चालेल, मोटारीसाठी मला पटत नाही.

शिवाय, चार्जिंगपूर्वी बॅटरी तापवल्याने आयनांचा वेग वाढतो, पण उष्णतेने होणारी झीज त्या फायद्यावर मात करते का? प्रत्यक्ष चाचण्या केलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.