अनुभव धागा: नागपूरहून शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीवर लांबचा हायवे

स्प्लेंडर, एचएफ डिलक्स, प्लॅटिना, शाइन. घराघरात याच गाड्या आहेत आणि अमरावती, रायपूर, शिवनी, आदिलाबादपर्यंत लोक याच गाड्यांवर जातात. हा धागा त्यांच्यासाठी आहे. प्रवासवर्णन नको. गाडी, रस्ता, सामान आणि हवामान यांबद्दल तुमच्याजवळ जे पक्कं आहे ते आकड्यांसह लिहा.

सुरुवातीलाच एक गोष्ट: समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही. मोबाइलच्या नकाशात मोटरसायकलचं चिन्ह निवडलं नाही, तर तो थेट शिवमडक्याच्या (समृद्धीचं नागपूरकडचं टोक) दिशेने पाठवतो. संभाजीनगरकडे जायचं असेल तर कारंजा, मेहकर, जालना हा जुना रस्ता धरा.

साठचीगती

वेगापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं आणि ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर. साठवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध पावणेदोन पटीहून जास्त होतो आणि तो कापायला लागणारी ताकद २.३७ पट. म्हणजे ऐंशीला इंजिनाजवळ शिल्लक काहीच उरत नाही. समोरून वारा आला, उड्डाणपुलाचा चढ आला, ट्रकला ओलांडायचं झालं, तर ॲक्सिलेटर आधीच संपलेला असतो.

शंभर सीसीला ५५ ते ६०, सव्वाशेला ६० ते ६५ ठेवा. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची कायदेशीर मर्यादा आहे, पण ती गाडीच्या सोयीची नाही. अमरावती सुमारे १५० किलोमीटर. साठने अडीच तास, ऐंशीने पावणेदोनपेक्षा थोडे जास्त. वाचतात जेमतेम ४० मिनिटं, तीही कागदावर.

थांबायचं अंतरही बघा. धोका लक्षात यायला एक सेकंद आणि त्यानंतर ड्रम ब्रेक बऱ्यापैकी लागला असं धरलं, तरी साठला साधारण ४५ मीटर लागतात, ऐंशीला ७० मीटर.

चेनवाला_इतवारी

गाडी सर्व्हिसिंगहून आणली आणि त्याच सकाळी हायवेला काढली, असं करू नका भाऊ. ढिला राहिलेला नट शहरातल्या ४०-५० किलोमीटरमध्येच समजला पाहिजे. दोन-तीन दिवस आधी काम करून घ्या.

ऑइल: १०डब्ल्यू-३० किंवा पुस्तिकेत असेल तो ग्रेड, पण डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरतो, कारण आपल्या गाडीत क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये असतात. लेव्हल बघताना गाडी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, परत दोन-तीन मिनिटं थांबा, मग कांडी पुसून नुसती टेकवा. स्प्लेंडरसारख्या गाडीत आटे फिरवून मोजलं तर लेव्हल आहे त्याहून जास्त दिसते. या इंजिनात ऑइल लिटरभरसुद्धा नसतं. त्यातलं शंभर-दोनशे मिली उडालं तर फार मोठा वाटा गेला, म्हणून लांबच्या प्रवासात रोज सकाळी बघायचंच.

चेन: झाकलेल्या चेनकव्हरला खालून रबरी बूच असतं, ते काढून बोट घाला. एकूण खेळ (चेनचं वर-खाली हलणं) २५ मिलिमीटरच्या आसपास. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि जिथे सर्वात ताठ असेल तिथला धरा. सामान लादून माणूस बसला की चेन आणखी ताठ होते, त्यामुळे स्टँडवर ताठ केलेली चेन रस्त्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. थोडी ढिली चालेल, ताठ चालणार नाही.

आता जे बहुतेक लोक विसरतात ते. चेन ताणायला चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकची सळई ओढली जाते आणि ब्रेकचा खेळ कमी होतो. लायनर ड्रमला घासत राहतात, गाडी जड चालते, ॲव्हरेज पडतं, पन्नास किलोमीटरवर हब (चाकाचा मधला भाग) तापतो. म्हणून चेननंतर ब्रेकचा नट सोडून पेडलला २० ते ३० मिलिमीटर खेळ परत ठेवा. मागचा ब्रेकलाइट पेडल दाबल्यावरच लागतो ना, तेही बघा. पहिल्या थांब्यावर दोन्ही हबजवळ हात न्या. एक जास्त गरम वाटला तर तिथेच नट सैल करा.

वर्धारोड

इतवारीवाले दादा, टायरमध्ये हवा किती?

चेनवाला_इतवारी

गाडीवरच्या स्टिकरवर असते तितकीच, ती पण टायर थंड असताना. पुढे बहुतेक २५ पीएसआय. मागे एकट्याला २८-२९. डबल सीटला आणि सामानाला स्टिकरवर वेगळा, जास्तीचा आकडा असतो. ऊन आहे म्हणून हवा कमी भरणं चुकीचं. कमी हवेत टायरची कड जास्त वाकते आणि त्यानेच टायर जास्त तापतो. ट्यूबवाल्या गाडीत व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर टायर रिमवर सरकला आहे आणि ट्यूब मुळाशी फाटायच्या बेतात आहे. हवा सोडून ट्यूब सरळ करून घ्या.

कन्हानपूल

ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या वाऱ्याबद्दल. मागून येणारी मोठी गाडी उजवीकडून जाते तेव्हा आधी डावीकडे ढकलते आणि लगेच स्वतःकडे ओढते. ११०-११५ किलोच्या गाडीवर हे दोन्ही झटके चांगलेच लागतात. हात ताठ केले की झटका सरळ हँडलमध्ये उतरतो. कोपरं सैल, गुडघे टाकीला घट्ट, ॲक्सिलेटर आहे तिथेच. ब्रेक लावू नका.

आडवा वारा असताना गोष्ट उलटते. तुम्ही वाऱ्याकडे झुकून चालवत असता आणि ट्रकने वारा अडवला की गाडी एकदम ट्रकच्या बाजूला जाते. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर आणि उघड्या शेतांमधल्या उंच भरावांवर हे जाणवतं. उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुधा पश्चिमेचा असतो, त्यामुळे अमरावतीकडे जाताना तो तोंडावर येतो. चौथ्या गिअरमध्ये गाडी दम सोडत असेल तर तिसरा टाका, पन्नासवर या.

साईडपट्टी

छोटी गाडी असल्यामुळे पांढऱ्या पट्टीच्या बाहेरूनच चालवावं, म्हणजे मागच्यांना त्रास नाही, असं मला वाटतं.

कन्हानपूल

नाही ताई, तिथेच जास्त धोका आहे. फुटलेल्या टायरमधल्या तारा, काच, गिट्टी सगळं त्या पट्ट्यात साचतं. पंक्चर तिथेच होतं. राँग साइडने येणारे ट्रॅक्टर आणि मोटरसायकली तिथूनच येतात. डाव्या लेनमध्ये कारचं डावं चाक जिथून जातं ती रेघ धरा. लेनच्या मधोमध गळालेलं ऑइल असतं. भरलेला ट्रक ५०-६० नेच चालतो, त्याच्या शेपटीला चिकटू नका, समोरचा खड्डा दिसत नाही.

साईडपट्टी

समजलं. सामानाचं मला नक्की माहीत आहे, ते लिहिते. जड वस्तू मागच्या कॅरिअरवर बांधली की पुढचं चाक हलकं होतं आणि साठला हँडल थरथरतं. जड सामान दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत, सारख्या वजनाचं, जितकं खाली आणि पुढे जमेल तितकं. वर फक्त कपडे. झोळी सायलेन्सरला टेकली तर वितळते, मध्ये पत्र्याचा गार्ड लावा. बंजी दोरीवर एकट्या भरवसा ठेवू नका. ती सुटून चाकात गेली तर चाक जाम होतं. कापडी पट्टा बकलने आवळा आणि मोकळं टोक गाठ मारून आत खोचा. ओढणी आणि साडीचा पदर यांचंही तसंच. साडीगार्ड असला तरी पदर कमरेला खोचूनच बसायचं. दोघं मोठी माणसं बसली की गाडीच्या क्षमतेतलं बहुतेक वजन तिथेच संपतं, हे पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा.

नवतपा

एप्रिल ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पहाटे साडेचार-पाचला निघा आणि अकराच्या आत पोचा. पारा ४५ च्या आसपास असताना अंगावर येणारा वारा थंड करत नाही, भाजतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दुपट्टा ओला करून गळ्याला, त्यावर आयएसआय हेल्मेट. ताशी अर्धा लिटर पाणी, तहानेची वाट न बघता. सोबत ओआरएस. घाम यायचा थांबला किंवा डोकं हलकं वाटलं की सावलीत थांबा, गाडी पुढे रेटू नका. सकाळी तर्री-पोहे खाऊन उन्हात निघाल्यावर पाणी कितीही पुरत नाही, ते परतीला ठेवा.

इंजिन हवेवर थंड होतं, म्हणजे गाडी पळते तेव्हाच थंड होतं. तासाला दहा मिनिटं थांबा, पण टोलनाक्याच्या रांगेत चालू ठेवून उभे राहू नका. दुचाकीला टोल नाही, डावीकडची वाट असते.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल तळाला जाऊ देऊ नका. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. स्प्लेंडरची टाकी ९.८ लिटरची आहे, दोन-अडीच लिटर उरलं की भरा.

कापूसगाडी

हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा या पट्ट्यात नोव्हेंबरपासून कापसाचे ट्रॅक्टर असतात. भार ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे लोंबतो आणि मागे लाइट नसतो. गावरस्त्यांवरून त्यांच्या चाकांना लागून काळी माती डांबरावर येते. कोरडी असताना काही नाही, पण पहिला शिडकावा पडला की तिथे ब्रेक धरत नाही. अशा डागावर गाडी सरळ ठेवा, गिअर आणि ब्रेक दोन्ही आधीच करून घ्या.

अंधारात शक्यतो नकोच. ३५ वॅटच्या बल्बने ४५-५० च्या वर समोरचं वेळेत दिसत नाही. मनसर, देवलापार, खवासा या जंगलपट्ट्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रस्त्यावर येतात. एक रोही गेला की दुसरा मागे असतोच, लगेच वेग वाढवू नका.

चेनवाला_इतवारी

सोबत काय घ्यायचं, ते राहिलं. प्लग आणि प्लगपाना, आपल्या चाकाच्या मापाची ट्यूब (स्प्लेंडरला १८ इंची, पुढे-मागे दोन्हीकडे चालते) किंवा ट्यूबलेसवाल्यांसाठी पंक्चरच्या पट्ट्यांचं किट, हवेचा छोटा पंप, फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, पकड, तार, चिकटपट्टी. नवीन क्लच केबल जुन्या केबलला समांतर आधीच बांधून ठेवा. तुटली की दोन्ही टोकं फक्त अडकवायची.

मागचं चाक काढताना बऱ्याच गाड्यांत चेनच्या बाजूला दोन नट असतात. बाहेरचा छोटा ॲक्सलचा, तोच सोडा. आतला मोठा हलवू नका. मग चेन आणि स्प्रॉकेट जागेवर राहतात, चाक एकटं बाहेर येतं. बसवताना हबमधली रबरं आणि स्पेसर पडले नाहीत ना, ब्रेकची सळई लागली ना, हे बघूनच नट आवळा.

मोबाइलमध्ये १०३३ (राष्ट्रीय महामार्गाची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) ठेवा. कॉल करताना दुभाजकावरच्या किंवा कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा, गाडी लवकर पोचते.