माळ्यावरची पितळी भांडी, दुर्बीण आणि नाणी: खरंच जुनं काय आणि नंतर बनवलेलं काय?

गिरगावची_लेक

नमस्कार मंडळी. आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, खोली रिकामी करायचीय आणि माळ्यावरून बरंच काही निघालंय. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दोन समया, गडू, पानाच्या डब्यात अडकित्ता, ही सगळी आजीच्या वेळची. त्याशिवाय मोठ्या काकांनी चोर बाजारातून आणलेली लाकडी पेटीतली पितळी दुर्बीण, तिच्यावर 'केल्विन अँड ह्यूजेस लंडन १९१७' कोरलंय. आणि एका पिशवीत व्हिक्टोरिया राणीचे काही रुपये, त्यातच एक तांब्याचं नाणं, एका बाजूला राम सीता लक्ष्मण मारुती आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी १८१८. भाऊ म्हणतो भांडी तांबाकाट्यावर मोडीत देऊन टाकू, दुर्बीण आणि ते रामाचं नाणं तेवढं जपू. ओळखीतून एक माणूस येऊन गेला, त्याने नाण्याला लाखो मिळतील सांगितलं पण आधी 'टेस्टिंगचे' पैसे भरायला लागतील म्हणे. मला भांडी मोडीत द्यायला जिवावर येतंय आणि एक समई बहिणीला अमेरिकेला न्यायचीय. ज्यांना कळतं त्यांनी प्लीज सांगा, कशावरून ओळखायचं?

डॉकयार्ड_रोड

ताई, दुर्बिणीचं उत्तर तिच्यावरच लिहिलंय. केल्विन आणि ह्यूजेस या आधी दोन वेगळ्या कंपन्या होत्या, एकत्र झाल्या १९४७ साली, मग १९१७ मध्ये दोघांचं नाव एका नळीवर कसं येणार? हेच नाव आणि हेच साल घातलेल्या दुर्बिणी, होकायंत्रं, सेक्स्टंट शोपीस म्हणून सर्रास बनतात आणि देशभर विकल्या जातात. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना भागात जहाजं तुटायची तेव्हा खरा मालही चोर बाजारात यायचा, त्यामुळे लोकांचा चटकन विश्वास बसतो.

तरी स्वतः बघून घ्या. स्क्रू बघा, चार फाट्यांच्या खाचेचा म्हणजे फिलिप्स स्क्रू असेल तर तो १९३० च्या दशकातला शोध आहे, नंतर बदललेला असू शकतो पण सगळेच तसे असतील तर विषय संपला. अक्षरं भिंगाखाली बघा, खरं कोरीवकाम धारदार असतं, नकलेत ॲसिडने खाल्लेली किंवा साच्यातून आलेली म्हणून कडा गोल आणि उथळ दिसतात. गच्चीवर जाऊन लांबच्या बिल्डिंगवरची पाटी वाचता येते का तेही बघा, शोभेच्या दुर्बिणीत चित्र सहसा स्वच्छ होत नाही. काकांची आठवण म्हणून ठेवा जरूर, पण १९१७ ची म्हणून कुणाला विकू नका.

टांकसाळ

आधी महत्त्वाचं. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. हे 'राइस पुलर'वालं जुनं फसवणुकीचं प्रकरण आहे, तांब्याचं नाणं किंवा भांडं तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम नावाचा दुर्मिळ धातू आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देणार, फक्त टेस्टिंगचे पैसे भरा. लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलीय यात. परत आला तर सरळ पोलीस स्टेशन.

रामदरबाराचं असं नाणं कंपनीने कधीच पाडलं नव्हतं. देवादिकांची टोकनं, ज्यांना रामटंका म्हणतात, ती वेगळी, ती पूजेसाठी असायची आणि त्यातली काही खरंच जुनी असतात, पण त्यांच्यावर कंपनीचं नाव कुठून येणार. तुमच्या नाण्यावर 'वन आना' लिहिलंय का बघा, कारण एक आण्याचं नाणं इथे आलं १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या वेळी, आणि तेही तांब्याचं नव्हतं.

व्हिक्टोरियाचे रुपये मात्र नीट बघा. १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' लिहिलेलं असतं, यात गडबड दिसली तर नाणं खोटं. वजन ११.६६ ग्रॅम, वापरून झिजलं असेल तर थोडं कमी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर घरी करता येईल असं सांगतो: काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका. ९१७ चांदी (हजारात ९१७ भाग चांदी) असेल तर आकडा १.१३ च्या आसपास येतो, जर्मन सिल्व्हर (नावात सिल्व्हर असलं तरी चांदी नसलेला मिश्रधातू) असेल तर १.३ च्या वर जातो. चुंबकाने फक्त लोखंड पकडलं जातं, चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदी असं समजू नका. कडेवरच्या रेषा बघा, ओतून केलेल्या नकलेत तिथे सांध्याची रेघ किंवा कानशीच्या खुणा राहतात.

फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे, खरी नाणी जवळून बघून या, डोळा बसतो.

कासार_आळी

भावाला सांगा भांडी देऊ नकोस!! आमच्या घरात हाच धंदा होता म्हणून पोटतिडकीने लिहितोय, मोडीत वजनाचे पैसे येतात आणि भांडं भट्टीत जातं, ते परत घडवणारा हात आता सापडत नाही.

घंगाळाच्या कड्या बघा. कडी जिथे कानात अडकते तिथे धातू झिजून बारीक झालेला असेल तर वर्षानुवर्षं ते उचललं गेलंय, ही झीज मुद्दाम करणं फार कटकटीचं. नकली जुनेपणा सगळीकडे सारखा काळा असतो. खऱ्या जुन्या भांड्यात खाचाखोचांत काळपट आणि हात लागतो तिथे उजळ. तळ उलटा करून बघा, फरशीवर सरकून सरकून पडलेले चरे सगळ्या दिशांना जातात, वायरब्रश मारला असेल तर एकाच दिशेने. बंबाच्या उभ्या सांध्याला दातेरी झाळ असेल तर ती जुनी पद्धत, सरळ गुळगुळीत वेल्डिंग असेल तर अलीकडचं. आणि पोट आतून बघा, ठोक्यांच्या खुणा दिसतात की मशीनवर ओढल्यासारख्या गोल गोल रेषा.

समया सुट्या करा आणि एकीचा दांडा दुसरीच्या बैठकीत बसतोय का बघा. जुने आटे जोडीजोडीने पाडलेले असायचे त्यामुळे बहुतेक वेळा अदलाबदल होत नाही, कारखान्यातल्या असतील तर बिनबोभाट बसतात.

सगळ्यात आधी मात्र नावं शोधा. भांड्यावर छिन्नीने टिंबटिंब करून नाव घालायचे, बऱ्याचदा गाव किंवा लग्नाचं सालही. मशीनने घातलेलं नाव सलग आणि थरथरलेलं असतं. आजीच्या गडूवर तिच्या माहेरचं नाव निघालं तर त्याची किंमत कुठला मोडवाला करणार?

गिरगावची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. त्या माणसाचा नंबर ब्लॉक केला. दुर्बिणीचे सगळे स्क्रू चार फाट्यांचेच आहेत. समया एकमेकीत बसत नाहीत! आणि गडूच्या काठाखाली टिंबांची अक्षरं आहेत पण काळ्या थरात नीट लागत नाहीत. चिंच आणि पावडर लावून घासू का?

डॉकयार्ड_रोड

अजिबात घासू नका, निदान आत्ता. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं करा. अक्षरं वाचायला अंधारात टॉर्च एका बाजूने आडवा धरा, सावली पडून दिसतील. मोबाइलने फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला तरी चालतं.

अमेरिकेचं मात्र जपून. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची किंवा धार्मिक वस्तू पुरावशेष धरली जाते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, घरातली असली तरी. समई किती जुनी ते नक्की नसेल तर बॅगेत टाकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारा. तोवर बहिणीला गडू देता येईल का हा विचार करू नका, तोही त्याच काळातला असेल तर तोच नियम.

कासार_आळी

आणि ताई, गडूला आतून कल्हई शिल्लक आहे का तेही बघा, उजेडात आतला आणि काठाखालचा असे दोन्ही फोटो टाका. अक्षरं मोडी लिपीतली असली तर इथे वाचणारे आहेत.