मदत हवी आहे: जुन्या घड्याळाच्या वजनाचा आकडा तुटला, कोल्हापुरात कोण करून देईल?

मंगळवारपेठी
घड्याळ ज्याच्या ओढीनं चालतं त्या आत टांगलेल्या वजनाचा वरचा आकडा, म्हणजे हुक, तुटलाय. महाद्वार रोडला दोन दुकानांत विचारून आलो, दोघंही म्हणाले की सेलवरच्या घड्याळांशिवाय काही घेत नाही. येत्या रविवारच्या आत व्हायला पाहिजे. माहीत असेल त्यानं लवकर सांगा.

राजारामपुरी_9
कसलं घड्याळ? भिंतीवरचं की जमिनीवर उभं राहतं ते? वजन शिशाचं की बिडाचं? फोटो टाका.

मंगळवारपेठी
भिंतीवरचं, आजोबांचं. आकडा मोडलाय म्हणून लिहिलंय की. फोटो चढत नाही.

सांजवात
दादा, एम-सील लावा. आमच्या समईची दांडी मी तशीच बसवली, सहा वर्षांत हललेली नाही. दोन्ही तोंडं पॉलिश पेपरनं घासा, मळून लावा, रात्रभर हात लावू नका.

लेथवाला
ताई, समईच्या दांडीवर भार वरून दाबतो. इथं दोन-तीन किलो रात्रंदिवस खाली ओढतंय. एवढ्याशा तोंडावर ते धरणार नाही, आणि सुटलं की वजन पेटीचा तळ फोडून बाहेर येतंय.
मंगळवारपेठी, एवढं सांगा: वजनं एक की दोन? आकडा वळणावर मोडला की वजनाच्या टोपणाला लागून? आणि वजन उलटं करून बघा, आकड्याची सळई आरपार जाऊन बुडाला नटनं आवळलेली दिसते का?

हुपरीची_चांदी
गुजरीत कुणाही चांगल्या कारागिराकडं जा. टाकणखार लावून चांदीचा डाख दिला की काम झालं. आमच्या हुपरीत तर पोरंसुद्धा करतील.

लेथवाला
चांदीच्या डाखाला 600 अंशाच्या वर ताप लागतो. शिसं 327 ला वितळतं. भरलेल्या वजनावर ज्योत धरली तर आतलं शिसं पातळ होऊन जॉइंटमधनं बाहेर येईल, वर त्याची वाफ विषारी. असं काही करू नका.

हुपरीची_चांदी
आत शिसं आहे हे त्यांनी कुठं सांगितलंय? मी चाळीस वर्षं डाख देतोय. तुकडा बाहेर काढून आणला तर दहा मिनिटांचं काम आहे.

लेथवाला
काका, बाहेर काढून आणला तर तुमचं बरोबर. वजनासकट नको एवढंच म्हणतोय.

जुन्याचा_नाद
डायलवर नाव काय आहे? मागच्या पितळी प्लेटवर नंबर असतो, तो पण टाका. गुस्टाव बेकर असेल तर जपा, त्यांचा कारखाना सायलेशियातल्या फ्रायबर्गला होता, ते गाव आता पोलंडमध्ये आहे. पितळ पितांबरीनं घासू नका, जुनी लकाकी कायमची जाते.

मंगळवारपेठी
बेकरचंच आहे. पण मी पॉलिशचं विचारलंच नाही.

लेथवाला, दोन वजनं आहेत. उजवं बुधवारी पहाटे पडलं. आम्हाला वाटलं मांजरानं काहीतरी पाडलं, दिवा लावून बघतो तर पेटीच्या तळाची फळी उभी चिरलेली. पितळी नळकांडं आहे, हातात घेतलं की आत शिसंच वाटतं. किचनच्या काट्यावर सव्वादोन किलो भरलं. सळई टोपणाला लागून मोडली आहे. मोडलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग काळा पडलाय, फक्त एका कडेला काडेपेटीच्या काडीएवढा चकचकीत आहे. बुडाला नट असेल असं वाटलं नव्हतं, पण मळ खरवडला तर आहे!

लेथवाला
मग गणित सुटलं. काळा भाग म्हणजे जुनी चीर, बरीच वर्षं गंजत होती. उरलेल्या चकचकीत काडीवर सगळा भार होता. तुमची चूक नाही.

नटवर तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पान्यानं सोडवा, पक्कड नको, कोपरे झिजतील. मग वरनं जाड खिळा लावून हलकी ठोक द्या, सळई खालून निघेल. शिसं खरवडू नका, हात साबणानं धुवा. सळई, तुटलेला आकडा आणि नट घेऊन शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवर जा. जुन्या नटाचे आटे मोजून घ्यायला सांगा, आजचा तयार बोल्ट बहुधा बसणार नाही. माइल्ड स्टीलची नवी सळई, तेवढीच लांब, तेवढीच जाड. आकडा सळईला आधीच गरम करून वळवायचा, वजनात घालून नाही.

राजारामपुरी_9
त्याच निमित्तानं पाव किलो वाढवा की, जुनी घड्याळं मागं पडतात.

लेथवाला
अजिबात नको. वेळ लंबकाच्या लांबीवर ठरते. मागं पडत असेल तर खालचा नट फिरवून लंबकाची चकती वर घ्यायची. जादा वजनानं चाकांच्या आसाची भोकं झिजतात.

पुण्यातली_कोल्हापूरकर
नवा राजवाडा 1884 साली पूर्ण झाला, त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ लहानपणी बघायला बाबा न्यायचे. ते कसं चालतं कुणाला माहीत आहे का? त्यालाही वजनंच असतील का?

जुन्याचा_नाद
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पण लिहितो. मंगळवारपेठी, डावं वजनही उघडून बघा. दोन्ही सळया एकाच वयाच्या आहेत. आणि कुठलं वजन कुठल्या बाजूचं ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, अदलाबदल नको.

मंगळवारपेठी
झालं. नट शुक्रवारी सकाळी सुटला. डाव्याची सळई टोपणाच्या आतल्या बाजूला गंजून गळ्याशी निम्मी राहिली होती, बाहेरनं काहीच दिसत नव्हतं. दोन्ही नव्या करून घेतल्या. हुपरीचे काका, डाखाची गरज पडली नाही, पण तुम्ही वेळ दिलात, आभार.
लटकवायच्या आधी दोन्ही वजनं एक रात्र माळ्याच्या हुकाला टांगली, खाली उशी ठेवून. आज सकाळी चावी दिली. आजोबा रविवारीच द्यायचे. आज्जीनं आतनं टोले मोजले आणि आठ झाले म्हणून चहा मागितला.
तळाची फळी अजून फुटलेली आहे. तसा जुना सागवान, अर्धा इंच जाड, कोल्हापुरात कुठं मिळेल?