मदत हवी आहे: डिसेंबरात फीडरवर ऑरिओल आलाय, काय खायला घालू?

न्यू जर्सीत (अमेरिका) घरामागच्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी खाणं ठेवायच्या टांगत्या भांड्यावर, आठवडाभर रोज एक बाल्टिमोर ऑरिओल (उत्तर अमेरिकेतला नारिंगी-काळा पक्षी) येतोय. मादी किंवा यंदाचं पिल्लू असावं: छाती फिकट नारिंगी, पंखावर दोन पांढऱ्या पट्ट्या, चोच सरळ नि टोकदार. एव्हाना हे मध्य अमेरिकेत पोचलेले असतात ना? सूर्यफुलाच्या बियांना चोच लावत नाही, अर्धं संत्रं तेवढं कोरून खातो. रात्री पारा उणे 8. आपण खाऊ घातल्यामुळे तर तो थांबला नाही ना?

उत्तर १
नाही. स्थलांतराची ओढ दिवस लहान होण्याने लागते, फीडरमुळे ती थांबत नाही. मागे राहिलेले तुरळक ऑरिओल हिवाळ्यात न्यू जर्सीकडे दिसतात. (आपल्या हळद्याशी याचं जवळचं नातं नाही, फक्त इंग्रजी नाव सारखं.)

संत्र्यातून नुसती साखर मिळते. रात्र काढायला चरबी आणि प्रथिनं हवीत. जिवंत मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) उजाडताच 15-20 आणि सूर्यास्ताआधी तासभर पुन्हा तेवढेच. संध्याकाळची खेप चुकवू नका. वाटी गुळगुळीत, उभ्या कडांची घ्या, नाहीतर अळ्या चढून पळतात. वाळलेल्या असतील तर आधी कोमट पाण्यात भिजवा.

सुएट (गुराची घट्ट चरबी) वडी बिनबियांची घेऊन कुस्करून ठेवा. घरी करायची तर 1 कप लार्ड (डुकराची चरबी) आणि 1 कप पीनट बटर वितळवून त्यात 2 कप ओट्स, 2 कप मक्याचं पीठ, 1 कप कणीक. स्टार्लिंग (मैनेच्या कुळातले पक्षी) सगळं फस्त करतात, म्हणून वाटी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा; मात्र भोकं ऑरिओल शिरेल एवढी असू द्यात.

उत्तर २
द्राक्षाची जेली चालेल, पण एका वेळी चमचाभरच, उथळ वाटीत. पिसं चिकट झाली की त्यांत हवा धरून राहत नाही आणि पक्षी गारठतो. शुगर-फ्री अजिबात नको.

पाणी गोठू न देणारं हीटरचं भांडं लावा, खोली इंचभर. त्यात मीठ किंवा ग्लिसरीन घालू नका. दर दोन आठवड्यांनी 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी यांनी फीडर धुवा आणि पूर्ण वाळवा. फीडर काचेपासून 3 फुटांच्या आत टांगा, म्हणजे उडताना आपटला तरी वेग कमी असतो.

थंडीत पिसं फुलवून बसणं नेहमीचंच. पण जवळ गेल्यावरही उडत नसेल, डोळे मिटत असेल, तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. घरात पाळू नका. अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने परवान्याविना ते बेकायदा आहे.