थकलेल्याने प्रार्थना टिकवायची कशी?

प्रश्न

सर्वांना सलाम. डायलिसिसच्या रुग्णाची सेवा करणाऱ्याचे आठवड्यातले ३ दिवस दवाखान्यात जातात, उरलेले नोकरी आणि पथ्यपाण्यात. पहाटेची तासभराची प्रार्थना मोडते, वर्षभरात बायबल वाचून काढायचा तक्ता मागे पडतो, मग विश्वासच आटला की काय असे वाटते. "विश्वास ठेवा" याच्या पुढचे काही सांगाल का?

उत्तर १

आधी तो तक्ता बंद करा. बायबलचे १,१८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन पडतात. १५ दिवस चुकले की जवळजवळ ४९ अध्यायांची थकबाकी, आणि ती फेडण्याच्या नादात आजचेही राहते. चुकलेला दिवस सोडून द्यायचा.

त्याऐवजी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली स्तोत्र १२० ते १३४ घ्या. यरुशलेमेची वाट चढताना गायची ही १५ स्तोत्रे. १३२ वे सोडले तर एकही ९ वचनांपेक्षा (क्रमांक दिलेल्या कडव्यांपेक्षा) मोठे नाही. वेळ घड्याळाला नको, कामाला बांधा: नळ्या जोडून मशीन सुरू झाले की एक स्तोत्र, पुटपुटत. मनातल्या मनात वाचले तर थकलेला माणूस तिसऱ्या ओळीला पेंगतो. स्तोत्र १३१ तर ३ वचनांचे आहे, अगदीच त्राण नसेल त्या दिवशी तेच.

उत्तर २

"आटला" म्हणू नका. स्तोत्र १३ उघडा. पहिल्या २ वचनांत देवाला "कोठवर?" असा सवाल ४ वेळा केला आहे, पुढच्या २ मध्ये मागणे, शेवटच्या २ मध्ये भरवसा. याच साच्यात वहीवर दोन-दोन ओळी लिहा. तक्रार नेमकी हवी: "रात्री ३ ला उठवून उठवून कंबर मोडली" असे. चूक इथेच होते, तक्रार गिळून लोक थेट उपकारस्तुतीवर जातात आणि मग प्रार्थना कोरडी पडते. भरवशाच्या ओळी सुचल्या नाहीत तर थांबा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

उत्तर ३

बायबलच्या १ राजे या पुस्तकातल्या १९ व्या अध्यायाचा क्रमही पाहा. थकलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, पाण्याचा घडा, पुन्हा झोप, पुन्हा भाकर; होरेब डोंगराची ४० दिवसांची वाट त्यानंतर, आणि "तू येथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न तर त्याच्याही नंतर. म्हणून सेवा करणाऱ्याची झोप आधी लावा. मंडळीत (चर्चच्या लोकांत) नुसते "प्रार्थना करा" सांगितले तर सगळे मान डोलावतात आणि घरी जातात. "गुरुवारी २ ते ६ दवाखान्यात कोण बसेल?" असे विचारा. उपासनेला जाणे होत नसेल तर पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, घरी द्यायला बोलवा. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही (५:१४) मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बोलावणे आजाऱ्यानेच धाडायचे आहे.

आणि झोप, भूक, उमेद २ आठवड्यांहून अधिक काळ गेलेली असेल, किंवा एलीयासारखे मरण मागावेसे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. आजच लावा.