चैत्रातली साधी सुखं: तुमचेही अनुभव लिहा

टेकडीवाली (पुणे)

"आपल्याकडे वसंत नसतोच, थंडी गेली की थेट उन्हाळा," हे परवा पुन्हा ऐकलं आणि राहवलं नाही, म्हणून हा धागा. वसंत आपल्याकडेही असतो, पण तो दुपारी भेटत नाही. पहाटे दयाळ गायला लागतो तेव्हापासून ऊन चढेपर्यंत, आणि मग दिवेलागणीनंतर, या त्याच्या वेळा. फेब्रुवारी सरता सरता पळस आणि काटेसावर, त्यामागून पांगारा. पाडव्याच्या आगेमागे पिंपळाची तांबूस पालवी, इतकी पातळ की ऊन आरपार जातं. मग करंजाचा कोवळा हिरवा आणि शेवटी बहावा.

माझं सुख म्हणजे फुललेल्या पळसासमोर एखाद्या दगडावर अर्धा तास बसणं. पळसाला वास नाही, पण मध भरपूर, त्यामुळे सकाळी झाडावर जत्रा असते: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर आणि थव्यानं येणाऱ्या भोरड्या. यांनाच पळसमैना म्हणतात. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि सगळ्या जणी एकाच वेळी बोलत असतात. हिवाळ्यासाठी आलेल्या या पाहुण्या एप्रिलमध्ये मध्य आशियाच्या वाटेला लागतात. जाण्याआधीचं त्यांचं हे शेवटचं जेवण बघायला मिळतं याचं मला दर वर्षी अप्रूप वाटतं. खाली उतरताना तांबट सुरू झालेला असतो. लांब कुठेतरी कुणी तांब्याचं भांडं ठोकत बसावं तसा त्याचा टुक टुक टुक.

तर लिहा. मोठ्या सहली आणि रिसॉर्टं नकोत. घरातलं, अंगणातलं, गच्चीवरचं, रानातलं, वासाचं, चवीचं, काहीही.


वळेसर (मूळ वेंगुर्ला तालुका, आता ठाणे)

धागा बघताक्षणी सुरंगी आठवली. घाटावरच्या अनेकांना हे झाड माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या वेंगुर्ल्याकडे, आरवली-सोन्सुरे-आसोली या पट्ट्यात सुरंगीची मोठमोठी झाडं आहेत. फुलं डहाळीच्या टोकाला येत नाहीत, जून फांद्यांना चिकटून झुबक्यांनी येतात. पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा गच्च गोंडा. हंगाम शिमग्याच्या सुमाराचा, मार्च-एप्रिल. कळा उजाडायच्या आत काढायचा असतो, कारण फूल पूर्ण उमललं की त्याचा वळेसर, म्हणजे गजरा, नीट होत नाही आणि मधमाश्याही तुटून पडतात. आजी आम्हाला अंधारात उठवायची, "कळे फुलाच्या आधी काडूक व्हये गो!" पुरुष माणसं वर चढायची, आम्ही खाली धुतलेली लुगडी पसरून उभ्या. मग मागच्या पडवीत केळीच्या सोपाच्या धाग्यात वळेसर ओवायला बसायचं. बोटं पिवळी होतात, आणि तो वास जेवल्यावर हात धुतले तरी जात नाही. जाऊही नये असं वाटतं. दहा वाजेपर्यंत वळेसर शिरोड्याच्या, वेंगुर्ल्याच्या बाजारात. उरलेला कळा उन्हात वाळवून विकला जातो. वाळला तरी त्याचा वास टिकतो. आईच्या साड्यांच्या ट्रंकेत त्याची पुरचुंडी असे.

त्याच दिवसांत ओले काजू. हिरव्या बिया सोलताना चिकानं बोटांची सालं निघतात, म्हणून आधी हाताला खोबरेल चोळायचं. एवढे कष्ट करून झालेली ओल्या काजूची उसळ, वर ताजं खोबरं, सोबत गरम भाकरी. ठाण्यात ओले काजू मिळतात, मी आणतेही. पण सोलायला चार जणी आणि त्यांच्या गप्पा बाजारात मिळत नाहीत, म्हणून आता मे महिन्याऐवजी मार्चमध्येच रजा काढून गावी जाते.


घाटकोपरकर (मुंबई)

मुंबईकरांनाही वसंत मिळतो, तोही चालत्या गाडीतून! विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला टॅबेबुया फुलतात तेव्हा एरवी मोबाइलमध्ये डोकं घातलेली माणसं बसच्या खिडकीकडे सरकतात. झाड परदेशी आहे, पण त्यानं माझा प्रवास सुखाचा केला आहे, मी त्याचा ऋणी आहे. एप्रिलपासून आमच्या गल्लीत सोनमोहराचा सडा पडतो. झाडणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय, आमच्या फाटकासमोरचा शेवटी झाडा. त्या हसतात आणि खरंच शेवटी झाडतात. शिवाय ताम्हण. राज्याचं फूल असूनही ते ओळखणारे कमी भेटतात. जांभळ्या झुबक्यांखाली उभं राहून शेजारच्या मुलांना दाखवणं, हा माझा एप्रिलमधला आवडता उद्योग.


झाडीपट्टी (गडचिरोली)

आमच्याकडं वसंत झाडावर नाही, जमिनीवर असतो. मोहाची फुलं रात्री उशिरापासून सकाळपर्यंत टपटप पडत राहतात. माझी आई, काकू, आम्ही भावंडं, सगळे टोपल्या घेऊन "मोहफुलं येचाले" अंधारातच निघायचो. वाटेनं मोठ्यानं बोलत जायचं, कारण मोह अस्वलालाही तेवढाच आवडतो आणि तेही त्याच वेळी येतं. आवाज ऐकला की ते आपलं बाजूला होतं.

झाडाखाली पोचल्यावर मात्र कोणी फार बोलत नसे. फिकट पिवळी, रसरशीत फुलं, प्रत्येक बोटाच्या पेराएवढं. वास गोड आणि जड. सगळ्यांना नाही आवडत, मला मात्र त्या वासानं घरी आल्याचं वाटतं. वेचता वेचता दोन-चार तोंडात. कंबर भरून येते, आणि पूर्वेकडं उजेड फुटतो तेव्हा कळतं की टोपली कधी भरली ते ध्यानातच आलं नाही. घरी आल्यावर अंगणात पसरायची, वाळली की मनुकांचा रंग येतो. लोकांना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. आमच्या घरात मोह म्हणजे वर्षभराचं गोड, पावसाळ्यातली बेगमी आणि बाजारात मिळणारे रोख पैसे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. फुलं स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची पद्धत आहे, त्यातून वणवे लागतात. आता काही गावांत झाडाखाली जाळी बांधतात. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ मिळतं, भावही बरा येतो आणि रानही वाचतं. ही जाळी प्रत्येक गावात पोचायला हवी.

मोहानंतर चार आणि टेंभरं ही रानफळं. चाराचं फळ नुसतं चोखायचं आणि बी फोडली की आत चारोळी. शहरात तिचा भाव ऐकून अजून दचकायला होतं.


टेकडीवाली

@झाडीपट्टी, किती सुंदर लिहिलंत. वाळवलेल्या मोहाचे लाडू कसे करतात तेही लिहा ना. आणि सगळ्यांना एक प्रश्न: इतक्या कोरड्या दिवसांत, पाणी नसताना, आपली झाडं फुलतात तरी का?


वनस्पती_मास्तर (सातारा)

शाळेत शिकवतो म्हणून उत्तर देण्याचा हक्क घेतो. पानं गळलेली असली की फुलं लांबून दिसतात. पक्षी आणि कीटक थेट फुलापर्यंत पोचतात, मधे पानांचा अडथळा नसतो. आणि या दिवसांत फुललं तर शेंगा-बोंडं उन्हाळ्यात पिकतात, वाऱ्यावर बी पसरतं आणि पहिला पाऊस पडतो तेव्हा ते जमिनीवर हजर असतं. पळस आणि सावर दोघांचंही वेळापत्रक असंच आहे. पाणी म्हणाल तर त्यांची मुळं खोल जातात.

आता माझं सुख. मार्चमध्ये घाटात कुसुंब बघायला जातो. फुलं नव्हेत, पालवी. अख्खं झाड लालभडक. पहिल्यांदा बघणारा त्याला फुलंच समजतो. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी लाल रंगद्रव्य असतं म्हणून तो रंग. पंधरवड्यात तेच झाड हिरवं होतं आणि मग कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मुलांना मी दोन्ही वेळा नेतो. एप्रिलमध्ये महाबळेश्वरच्या रानात अंजनी फुलते. फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे गेंद चिकटलेले असतात. तिथे गेलात तर स्ट्रॉबेरी खाऊन झाल्यावर बाजार सोडून अर्धा किलोमीटर रानात चाला.


सांगलीची_सून (सांगली)

आमच्याकडे चैत्रगौर. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभरात सोयीचा दिवस धरून हळदीकुंकू. डाळीचं प्रमाण प्रत्येक घरात वेगळं, पण माझ्या सासूबाईंचं सांगते: हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरडच वाटायची, कैरीचा कीस डाळीला चव येईल एवढा, ओलं खोबरं, मीठ, चवीला साखर, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी, तीही गार करून. गरम फोडणी घातली की डाळीचा करकरीतपणा जातो, असं त्यांचं ठाम मत, आणि आता माझंही. पन्हं उकडलेल्या कैरीचं, गूळ घालून. साखरेच्या पन्ह्याला तो रंग आणि तो खमंगपणा येत नाही. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते. बायकांना कलिंगडाची फोड आणि भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी.

पण मला सगळ्यात आवडतं ते अंगणात चैत्रांगण काढणं. गोपद्म, शंख, कमळ, कासव, हत्ती, पाळणा, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र. सासूबाईंना आता खाली बसवत नाही, त्या खुर्चीवरून सांगतात आणि मी काढते. यंदा माझी लेकही रांगोळी घेऊन शेजारी बसली. तिनं स्वतःच्या मनानं एक मांजर काढलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, गौरीला चालतंय."


दवणा (कोल्हापूर)

चैत्र म्हणजे जोतिबा, आणि जोतिबा म्हणजे दवणा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला वाडी रत्नागिरीवर उंच सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळतो, सगळं खरं. पण माझ्यासाठी परत येताना पिशवीत असलेली दवण्याची जुडी हीच यात्रा. घरी देवापुढे ठेवायची, एक काडी पुस्तकात, एक कपाटात.


चिकाची_वाटी (जळगाव)

कोणी कुरडयांबद्दल लिहिलं कसं नाही? तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून सत्त्व खाली बसू द्यायचं आणि वरची निवळ ओतून टाकायची. पहाटे मोठ्या पातेल्यात चीक शिजतो. हाटायला दणकट हात लागतात, आमच्या गल्लीत त्या कामाला एक काकू ठरलेल्या होत्या. त्या घोटायला लागल्या की आम्ही पोरं वाट्या घेऊन रांगेत. गरम चीक, वर कच्चं तेल आणि तिखट. बहिणीला दूध-साखर लागायची. मग गच्चीवर धुतलेल्या धोतरावर सोऱ्यानं कुरडया घालायच्या आणि राखण करायची. राखण म्हणजे छत्री, गोष्टीचं पुस्तक आणि अर्धवट वाळलेल्या पापड्या खाणं. अजूनही मी सुट्टी घेऊन दोन किलोच्या का होईना, करतेच. इमारतीतल्या इतर जणीही आता येतात.


गच्चीवरून (लातूर)

आमचा वसंत रात्री. जेवणं झाली की गच्चीवर पाणी मारायचं, फरशी निवली की गाद्या. एप्रिलच्या रात्री उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागतो, आणखी पुढे गेलं की पांढरीशुभ्र चित्रा. वडिलांनी मला असंच दाखवलं, मी पुतण्यांना दाखवतो. दुर्बीण लागत नाही. फक्त शेजारच्यांना गच्चीचा दिवा बंद करायला सांगावं लागतं, आणि ते करतात.


काळ्या_जंगलाजवळ (फ्रायबुर्ग, जर्मनी)

इथला वसंत अगदी वेगळा. मार्चमध्ये झाडं अजून उघडी असताना जंगलाची जमीन हिरवी होते, आणि वास येतो लसणाचा! ती रानलसणीची पानं, इथे तिला बेअरलाउख म्हणतात. इथले लोक त्याचं सूप आणि पेस्टो करतात. मी थालीपीठ करते. भाजणी माझ्या आईनं पाठवलेली, त्यात मेथीच्या जागी ही पानं चिरून. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, वास आला असता तर बरं झालं असतं.

कोणी वेचायला जाणार असाल तर जपून. अगदी तशीच दिसणारी पानं लिली ऑफ द व्हॅलीची असतात आणि ती विषारी. प्रत्येक पान चुरडून लसणाचा वास येतो का बघावा, पण एकदा हाताला वास लागला की त्याचाही भरवसा नाही. म्हणून आधी माहितगाराबरोबरच जावं. मी शेजारच्या आजींबरोबर जाते. त्यांना आता थालीपीठ आवडतं, वर लोणी घालून.


खिडकीतला_मोगरा (नागपूर)

आई बरेच महिने अंथरुणावर आहे. तिला बाहेर नेणं होत नाही, म्हणून वसंत तिच्या खिडकीशी आणतो. फेब्रुवारीत मोगरा छाटला, पानं काढली, शेणखत घातलं. नव्या फुटीला कळ्या धरतात, म्हणून छाटणी महत्त्वाची. आता रोज संध्याकाळी ओंजळभर फुलं निघतात. ती उशाशी ठेवतो. खिडकीबाहेर मातीचं पसरट भांडं, त्यात पाणी. पाणी रोज बदलतो, भांडं घासतो, नाहीतर डास होतात. साळुंक्या आंघोळीला येतात तेव्हा आई मला हाक मारून बोलावते. तिच्या आवाजात तेव्हा जो हुरूप असतो तो दिवसभरात इतर कशानंही येत नाही. कोकीळ ओरडला की सांगते, "हा नर बरं का, मादी वेगळी ओरडते, किक् किक्." तिनं बरीच वर्षं पक्षी पाहिलेत.


झाडीपट्टी

@टेकडीवाली, लाडू असे: वाळलेली फुलं निवडून आतले केसर काढून टाकायचे, ते नाही काढले तर घशाला खरखरतं. फुलं मंद आचेवर भाजायची, फुगली की उतरवायची. तीळ आणि शेंगदाणे वेगळे भाजून घ्यायचे. सगळं उखळात एकत्र कुटायचं, फुलांच्याच गोडव्यानं आणि चिकटपणानं लाडू वळतो. लागलाच तर थोडा गूळ.

@खिडकीतला_मोगरा, आईंसाठी दोन मुठी मोहफुलं पाठवायची आहेत. नागपूरला आमच्या गावचा माणूस येणार आहे. कसं पोचवायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा.