एअर सस्पेन्शनवाली लक्झरी फोर बाय फोर खरंच चिखलात घालायची का? (जुनी घेतोय, सल्ला हवा)

खड्डेप्रेमी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एक सेकंडहँड लक्झरी फोर बाय फोर बघून आलोय, आठ वर्षं जुनी, डिझेल, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे), लो रेंज (सावकाश पण ताकदीने चालायचे गिअर) आहे, मागचा डिफ (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) लॉक होतो, म्हणजे दोन्ही चाकं एकदम फिरतात. आत्तापर्यंत माझ्याकडे मागे कमानपाटे असलेली साधी गाडी होती, ती कुठेही जायची पण घरचे तिच्यात बसायला तयार नाहीत, प्रत्येक ट्रिपनंतर पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. ही चालवली आणि खरं सांगतो, उतरावंसं वाटेना. बटण दाबलं की आधी मागून उठते मग पुढून, अगदी उंटासारखी.

आता अडचण. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जरा लवकरच पोचलो तर गाडी एका अंगाला कललेली. मागच्या डाव्या चाकाच्या वर, टायर आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जातील, उजवीकडे अख्खी मूठ जात होती. स्टार्ट केल्यावर मिनिटभर खालून घुर्रर्र आवाज आणि मग सरळ. मालक म्हणतो थंडीने होतं हो, हवा आकसते, नॉर्मल आहे.

तर एक, हे खरंच नॉर्मल आहे का. दोन, ही उंची कमी-जास्त करायची भानगड ऑफरोडला खरंच कामाची आहे का नुसता शोरूममधला देखावा आहे. आणि तीन, सगळं काढून सरळ कॉइल स्प्रिंग टाकले तर?

डिफलॉक_लागला

मालक थाप मारतोय. हवा आकसते हे खरं, तापमान वीस अंशांनी उतरलं तर आकारमान साधारण सात टक्के घटतं, पण थंडी काय फक्त मागच्या डाव्या चाकालाच वाजते का? चारही कोपरे थोडे थोडे खाली आले असते. एकच कोपरा बसला म्हणजे तिथून हवा जातेय, विषय संपला.

आणि एक, उलटंही होतं बरं का. काही गाड्या बंद असताना मधूनच जाग्या होतात आणि जो कोपरा सगळ्यात खाली असेल त्याच्या लेव्हलला बाकीचे तीन उतरवतात. मग सकाळी गाडी सपाट पण पार जमिनीला टेकलेली दिसते, आणि माणूस म्हणतो चारही गेले, गेलेला असतो एकच. तुमची कललेली दिसली हे नशीब समजा, निदान कोपरा तरी कळला.

चिखलमित्र

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो कारण यावर लोक फार ऐकीव बोलतात.

देखावा अजिबात नाही. साधं बघा, जुन्या पद्धतीच्या सलग ॲक्सलवाल्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा) गाडीत डिफचा गोळा ॲक्सलमध्येच असतो, त्यामुळे तुम्ही स्प्रिंग कितीही उंच टाका, डिफ जमिनीपासून तेवढाच राहतो, तो वर न्यायचा तर मोठा टायरच लागतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं) डिफ बॉडीला किंवा सबफ्रेमला लटकलेला असतो, बॉडी उठली की तोही उठतो. म्हणून आकडे एवढे मोठे दिसतात. नवीन डिफेंडर ११० एअरवर पूर्ण उचलली की २९१ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची), पाण्यात ९०० मिमीपर्यंत जायची परवानगी, तीच गाडी कॉइलवर घेतली तर पाण्याचा आकडा ८५०. पहिली टुआरेग एअरवर ३०० मिमीपर्यंत उठायची. आणि जिला सगळे देव मानतात ती जी क्लास, २०१८ ची, कॉइलवर २४१ मिमी. आता यावरून टुआरेग जी क्लासपेक्षा मोठी ऑफरोडर आहे असं कोणी म्हणू नका, तीन डिफलॉक काय असतात ते मला माहितीये.

खरी गंमत मात्र उंचीत नाही, जोडणीत आहे. स्वतंत्र सस्पेन्शनचा जुना रोग असा की एक चाक दगडावर चढलं की त्याच ॲक्सलचं दुसरं चाक खाली दाबलं जात नाही, ते हवेत लटकून नुसतं फिरत बसतं. सलग ॲक्सलमध्ये एक बाजू वर गेली की दुसरी आपोआप खाली दाबते. तर यांनी काय केलं, डाव्या-उजव्या फुग्यांच्या मध्ये एक व्हॉल्व्ह दिला, ऑफरोडला तो उघडतो, वर गेलेल्या चाकाच्या फुग्यातली हवा ढकलली जाऊन दुसऱ्या बाजूला जाते आणि ते चाक खाली रेटलं जातं. म्हणजे हवेनेच सलग ॲक्सलची नक्कल. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये हे होतं, आणि गाडी पोटावर अडकून चाकं फिरायला लागली की ती आपणहून अजून थोडी वर उचलून घ्यायची. मी ते एकदा शेजारी उभं राहून बघितलंय, चालक ॲक्सिलरेटर दाबून बसलेला, आणि गाडी आपली सावकाश गुडघ्यावर हात टेकून उठल्यासारखी उठली.

तोटे पण ऐका. पूर्ण उचललेल्या गाडीची चाकं आधीच खाली लोंबत असतात, म्हणजे खड्ड्यात अजून खाली जायला जागाच उरत नाही. परत त्या उंचीवर गाडी कडक होते, दगडावरून जाताना ठाकठाक आपटते. म्हणून सगळीकडे टॉपला लावून फिरू नका, मधली उंची ठेवा, पोट घासायला लागलं तरच वर. वेग वाढला की ती स्वतःच खाली बसते, बऱ्याच गाड्यांत ताशी ५० च्या आसपास, आणि ते बरोबरच आहे.

आणि खरं सांगू का, तुम्हाला अडवणार ते सस्पेन्शन नाही, २१ इंची रिम अडवणार. टायरची भिंत दोन बोटं उंच, वाळूत हवा ३५ वरून २० पीएसआयला आणायची म्हटलं तर रिम दगडावर वाजते. लहान रिम टाकावी तर ब्रेकचे कॅलिपर एवढे मोठे की ती बसत नाही. आधी ते बघा किती इंची बसते.

कमानपाटा

वरचं सगळं पुस्तकात छान आहे. माझी कथा ऐका.

गाडी कोणती ते सांगत नाही, उगाच भांडणं लागतात. आम्ही दोन गाड्या, माझी हवेवरची, मित्राची जुनी पाट्यांवरची. ओढा ओलांडायला मी गाडी वर घेतली, ओलांडला, पलीकडे दोन किलोमीटर गेलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा, "सस्पेन्शन फॉल्ट". पाच मिनिटांत तोच दिवा लाल. मग गाडी जी खाली बसायला लागली ती थेट बंप स्टॉपवर, म्हणजे सगळ्यात खाली आपटू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्यांवर. फ्यूज उडालेला, नवा टाकला तर तोही उडाला. वळण घेतलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा, जळक्या रबराचा वास, आणि परत येताना तोच ओढा, जो जाताना एवढासा वाटला होता. शेवटी मित्राच्या गाडीने पट्टा लावून ओढून काढलं, मागचा बंपर पाण्यातल्या दगडावर ठेवून आलो. राहिलेले चाळीस किलोमीटर वीसच्या स्पीडने आलो आणि मित्र पूर्ण वेळ आरशात बघून हसत होता.

पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आणि साखळी बांधून घरी येता येतं. फुग्याला काय बांधणार?

वाल्व्हब्लॉक

कमानपाटा साहेब, तुमची व्यथा समजली, पण फ्यूज उडाला तो त्या दिवशीच्या ओढ्यामुळे नाही, पैज लावतो. ती गाडी कित्येक महिने आधीपासून सांगत असणार.

मी रोज हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. चाकावरच्या फुग्याला आम्ही बेलो म्हणतो, एअरबॅग म्हटलं की गिऱ्हाईक स्टिअरिंगकडे बघतं. बेलो म्हणजे रबर, त्याला एक घडी असते आणि गाडी वरखाली होताना ती घडी सारखी सरकत राहते. त्या घडीत चिखल आणि वाळू जाऊन बसली की आतून पॉलिश पेपर घासल्यासारखं काम चालतं. आठ-दहा वर्षांत घडीच्या रेषेवर बारीक चिरा पडतात. आधी फक्त रात्रीतून थोडी हवा जाते. मालकाला कळतच नाही कारण सकाळी स्टार्ट केली की कंप्रेसर भरून देतो. पण तो कंप्रेसर म्हणजे छोटीशी इलेक्ट्रिक मोटर, काही मिनिटं चालून विश्रांती घेण्यासाठीच केलेली, तिला रोज ज्यादा काम पडतं, पिस्टनची रिंग झिजते, मग तेवढीच हवा भरायला दुप्पट वेळ लागतो, दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट तापणं. त्यात रिलेचे (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचे) पॉइंट चिकटले की मोटर थांबतच नाही आणि एक दिवस फ्यूज. लोक कंप्रेसर बदलतात, बेलो तसाच ठेवतात, वर्षभरात नवीन कंप्रेसरही जातो, आणि मग म्हणतात एअर सस्पेन्शन बेभरवशाचं.

अजून एक गोष्ट कोणी बघत नाही ती म्हणजे ड्रायर. कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो, तिच्यातलं बाष्प शोषायला एका डबीत दाणे असतात. ते जुने झाले की त्यांचा भुगा होतो आणि तो पांढरा भुगा वाल्व्ह ब्लॉकमध्ये (कुठल्या बेलोत हवा सोडायची ते ठरवणारे वाल्व्ह असलेला ठोकळा) जाऊन बसतो. वाल्व्ह नीट मिटत नाही, गाडी बसते, आणि सगळे बेलोमध्ये गळती शोधत बसतात. ड्रायर मेला तर बाष्प आत जातं आणि कडक थंडीत वाल्व्ह गोठतो. डबी खोलून भुगा निघाला तर नुसता ड्रायर बदलून थांबू नका, ब्लॉक पण बघा.

बस-ट्रक पण हवेवरच चालतात ना, तिकडे कोणी रडत नाही. कारण तिथे कंप्रेसर इंजिनवर चालणारा, मोठा, हवेच्या टाक्या मोठ्या, बेलो जाड, आणि मुख्य म्हणजे ते लोक बेलोला ब्रेक लायनिंगसारखाच झिजणारा माल समजतात. लक्झरी गाडीवाला समजतो एकदा घेतली की झालं.

खड्डेप्रेमी, परत जाल तेव्हा गाडी सगळ्यात वर घ्या, इंजिन बंद करा, स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन बेलोच्या घडीवर आणि वरच्या नळीच्या जोडावर मारा. हात लांब करून मारा, डोकं मडगार्डखाली घालू नका, बेलो बसला तर ती गाडी तुमची वाट बघत नाही.

चिखलमित्र

ड्रायरचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. कमानपाटा, तुम्ही नळीत टायरसारखे वॉल्व्ह बसवून का नाही घेतलेत? जुन्या रेंज रोव्हरवाले हमखास बसवतात, गाडी पडली तर टायरच्या पंपाने हवा भरून घरी येतात. अर्थात सगळ्या गाड्यांत जमत नाही, ग्रँड चेरोकीच्या क्वाड्रा-लिफ्टमध्ये बंद सिस्टिम आहे, आत नायट्रोजन, तिथे असले उद्योग नकोत.

कमानपाटा

ते वॉल्व्ह असतात हे मला नंतर कळलं. आता त्या मित्राचीच गाडी मी विकत घेतलीये 😄

डिफलॉक_लागला

तिसरा प्रश्न राहिलाच. कॉइल टाकता येतात, किट मिळतात, पण मग ही गाडी घेतलीच कशाला? क्लिअरन्स मधल्या उंचीला कायमचं अडकतं, डाव्या-उजव्याची जोडणी गेली, मागे सामान भरलं की ढुंगण खाली, आणि कॉम्प्युटरला समजावलं नाही तर डॅशबोर्डवर दिवा कायमचा. कॉइलच हवी तर कॉइलवर जन्मलेली घ्या, लँड क्रूझर २०० होती ना. तिची लक्झरी बहीण लेक्सस एलएक्स ५७० उंची बदलते पण हवेने नाही, तेलाच्या दाबाने, ती वेगळीच शाळा.

खड्डेप्रेमी

आज जाऊन आलो. साबणाचं पाणी मारलं. मागच्या डाव्या बेलोवर, आतल्या बाजूला घडीच्या अगदी वर, बारीक बारीक बुडबुडे, मुंगीच्या वारुळातून मुंग्या निघाव्यात तसे एका ओळीत. उजव्यावर बुडबुडे नाहीत पण चिरा दिसतात. मालकाला दाखवलं तर म्हणाला हे साबण कुठून शिकलात. कंप्रेसरला खालून वरच्या उंचीला जायला अडीच मिनिटं लागली, हे जास्त आहे का? रिम २० इंची आहे, १९ बसते असं कळलं.

वाल्व्हब्लॉक

अडीच मिनिटं म्हणजे म्हातारा झालाय. अशा गाड्यांत सगळं ठणठणीत असेल तर याच्या निम्म्याच्या आसपास होतं. मागचे दोन्ही बेलो जोडीनेच, एक नवा एक जुना ठेवू नका, कंप्रेसर ड्रायरसकट, आणि रिले. एवढं तुमच्या किमतीतून वजा करायला लावा किंवा त्यालाच करून द्यायला सांगा. बदलल्यावर हाइट सेन्सरचं कॅलिब्रेशन स्कॅनरवर करून घ्या, नाहीतर गाडी नव्या बेलोवरही वाकडी उभी राहील आणि तुम्ही मला शिव्या द्याल. एकेका चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून आकडे लिहून ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी पडतील. आणि प्रत्येक चिखलाच्या ट्रिपनंतर गाडी पूर्ण वर घेऊन बेलोच्या घड्या साध्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशर जवळून मारू नका.

खड्डेप्रेमी

मालक बेलो करून द्यायला तयार झाला, कंप्रेसरवर अडलंय. बघू, शनिवारी परत बोलावलंय.

वाल्व्हब्लॉक

कंप्रेसर सोडू नका. आणि घेतलीतच तर पंक्चर काढताना जॅक लावायच्या आधी सस्पेन्शन जॅक मोडला टाका, नाहीतर तुम्ही चाक उचलताय आणि गाडी स्वतःला लेव्हल करतेय अशी कुस्ती चालते. गेल्या महिन्यात एकाने त्यात जॅक वाकवून आणला.

कमानपाटा

जॅक मोड 😄 आमच्याकडे जॅकला फक्त जॅक म्हणतात.